तिथंही क, ख, ग आहे

आमच्या दुबलगुंडीची एक मुलगी गेल्या फेब्रुवारीपासून कंबोडियात आहे. नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलंय, ओळखणारे ओळखतील. बट्टमबंग प्रांतातल्या एका खेड्यात ती मुलांना इंग्रजी शिकवते, स्वयंसेविका म्हणून, पगार न घेता. ती गेली तेव्हा गावात बरीच चर्चा झाली. त्यातली निम्मी माझ्याच ओट्यावर झाली, आणि सगळ्यांत मोठ्यानं विरोध मी केला होता. तेव्हा हे लिहिणंही मलाच आलं.

वाचकांतल्या पुष्कळांना आमचा भाग माहीत नसेल. दुबलगुंडी हे बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यातलं गाव. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, 1956 पासून आताच्या कर्नाटकात. घरात आईशी मराठी, शाळेत कन्नड, बसस्टँडवर दखनी, असं आमचं पोर तीन भाषांत वाढतं आणि तिन्ही भाषांत थोडं थोडं अडखळतं. इंग्रजी ही चौथी. ख्रिस्ती घरं थोडी. त्यांतही मेथडिस्ट मंडळी जास्त, आम्ही कॅथलिक मूठभर. पण नाताळला करंज्या एकमेकांच्या घरी जातात, आणि शेजारच्या लिंगायत, मुसलमान घरांतही जातात.

मी पॅरिश शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. ही मुलगी माझ्याच हाताखाली शिकली. ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणणारी, पाचवीपर्यंत एक वाक्य इंग्रजीत न बोललेली. वडील नाहीत. आई तुरीच्या, सोयाबीनच्या रानात मजुरीला जाते. पोरीनं कलबुर्गीला राहून बी.ए., बी.एड. केलं, परत आली, आणि संध्याकाळी चर्चच्या खोलीत वीस-बावीस मुलांची इंग्रजीची शिकवणी सुरू केली. सगळ्या जातिधर्मांची मुलं. मला वाटलं, झालं, आता आपण डोळे मिटायला मोकळ्या.

आणि एक दिवस ती म्हणाली, “टीचर, माझी निवड झाली. एक वर्षासाठी.”

विमानाचं तिकीट, राहणं-खाणं आणि हातखर्चापुरते पैसे संस्थेकडून. बाकी काही नाही. गावानं हिशोब लगेच मांडला. आमच्या भागातली पोरं दुबईला, सौदीला जातात, महिन्याला घरी पैसे पाठवतात. एकजण माझ्यासमोरच म्हणाला, “ही काय पाठवणार, फोटो?” आई माझ्याकडं आली. “अक्का, तुमी तरी सांगा की तिला.”

मी सांगितलं. चांगलं तासभर सांगितलं. म्हटलं, आपल्या गावातल्या सातवीच्या मुलाला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग धड येत नाही आणि तू समुद्रापार कुणाला इंग्रजी शिकवायला निघालीस? वर मी वाचलेलं एक तिला ऐकवलं. कंबोडियात परदेशी पाहुणे दोन-तीन आठवड्यांसाठी अनाथालयांत ‘सेवा’ करायला येतात, मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढतात आणि जातात. मुलं जीव लावतात, माणूस निघून जातं, पुन्हा दुसरं येतं. त्या अनाथालयांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येतात म्हणून गरिबांची मुलं तिथं आणून ठेवली जातात. युनिसेफसारख्या संस्थांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. “तू त्यातली एक होणार का?” असं मी विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, “ते अनाथालय नाही टीचर. मुलं आपापल्या घरी राहतात. आणि मी वर्षभर राहणार.”

शेवटचा बाण म्हणून मी पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं. म्हटलं, रमाबाई विलायतेला गेल्या, अमेरिकेला गेल्या, पण काम करायला आपल्या माणसांतच परत आल्या. यावर ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी हुमनाबादच्या स्टेशनावर आम्ही तिला गाडीत बसवलं.

पहिला फोन आला तो तक्रारीचा. आपल्यापेक्षा त्यांचं घड्याळ दीड तास पुढं. माझी पहाटेची जपमाळ चालू असते तेव्हा तिचा नाश्ता उरकलेला असतो. म्हणाली, “टीचर, मला शिकवूच देत नाहीत. तीन महिने फक्त ख्मेर भाषा शिकायची म्हणतात. मुलांच्या मागं चटईवर बसवलंय.” खरं सांगते, मला बरं वाटलं. तिथल्या सिस्टर्स शहाण्या आहेत म्हटलं.

मग एके सकाळी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला. पाच-सात वर्षांची मुलं ओरडून पाठ म्हणत होती: का, खा, को, खो, ङो. नंतर चा, छा. आणि मागून हिचा आवाज, “टीचर, इथं पण क ख ग आहे!” मी ते चार वेळा ऐकलं. ख्मेर लिपी दक्षिण भारतातून गेलेल्या लिपीपासून झाली. आपली देवनागरी काय, शाळेतली कन्नड काय, आणि ही ख्मेर काय, सगळ्या ब्राह्मीच्याच लेकी. म्हणून वर्णांचा क्रमही तोच: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य. उच्चार मात्र बदलले. आपला ‘ग’ तिथं ‘को’सारखा होतो. ख्मेर भाषेतला तारीख असलेला सगळ्यांत जुना शिलालेख इसवी सन 611 मधला आहे. म्हणजे आमच्या बसवकल्याणच्या चालुक्यांच्याही कितीतरी आधी ही बाराखडी तिकडं पोचली होती. शाळेला तिथं ‘साला’ म्हणतात, आपली शाळाच. भाषेला ‘फिआसा’. शिक्षकाला ‘क्रू’, म्हणजे गुरू. हिला मुलं ‘नेआक क्रू’ म्हणतात, बाईमास्तरीण. दोन हात जोडून, मान लववून.

तिचा दिवस कसा जातो ते तिच्याच निरोपांवरून सांगते. पाचला उठणं. मच्छरदाणी घडी करून ठेवायची, नाहीतर दिवसभर आत डास बसतात. सिस्टर्सबरोबर प्रार्थना. न्याहारीला तांदळाची पेज, ‘बबॉर’. वर सुक्या मासळीचा तुकडा. तिथं सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात, अर्धी मुलं सकाळी, अर्धी दुपारी. म्हणून हिच्याकडं सकाळी दुपारच्या पाळीची मुलं येतात आणि दुपारी सकाळच्या पाळीची. चपला बाहेर काढून. घरं खांबांवर उभी, लाकडी. पावसाळ्यात खाली पाणी साचतं. मे ते ऑक्टोबर पाऊस. त्या दिवसांत अर्धा वर्ग भिजूनच येतो, आणि शिकवण्याआधी पंचानं डोकी पुसायची. पंचा म्हणजे तिकडचा ‘क्रमा’, चौकड्यांचा. शेतकऱ्याच्या डोक्याला तोच, बाळाच्या झोळीला तोच. संध्याकाळी वयानं मोठी पोरं येतात, दिवसभर कामं करून. त्यांना मोबाईलवर ग्राहकाशी बोलण्यापुरतं इंग्रजी हवं असतं. त्यांच्यासाठी पुस्तक बाजूला ठेवावं लागतं.

भाकरीवाचून तिचे हाल झाले. सुरुवातीला दर फोनला शेंगांची चटणी निघायची. आंबवलेल्या मासळीचा त्यांचा ‘प्रहोक’ पहिले दोन महिने तिला नाकाजवळ नेववेना. आता खाते म्हणे. आईला हे सांगू नका म्हणाली होती, पण आईला ते आधीच ठाऊक होतं.

शिकवण्यातल्या अडचणी मात्र मला फार गोड वाटल्या, मास्तरकीच्या माणसाला वाटणारच. ख्मेर लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. म्हणून तिथली मुलं इंग्रजी वाक्यही एकच लांब शेपूट असल्यासारखं लिहितात. हिनं काय केलं, बोट. प्रत्येक शब्दानंतर वहीवर करंगळी ठेवायची आणि मग पुढचा शब्द. शब्दाच्या शेवटी ‘स’ आला की त्यांच्या तोंडात त्याचा ‘ह’ होतो, ‘हाऊस’चं ‘हाऊह’. क्रियापदाला काळाप्रमाणं रूप बदलायची सवयच नाही, म्हणून ‘येस्टरडे आय गो’. आणि आकडे तर पाहा: त्यांच्या भाषेत सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन. इंग्रजी ‘सिक्स’ला त्यांना एक नवाच शब्द पाठ करावा लागतो. तो का अडतो, हे तिला ख्मेर मोजणं शिकल्यावर कळलं. आधी ती त्यांना आळशी समजत होती. हे तिनंच कबूल केलं.

हे ऐकल्यावर मी कपाटातून रमाबाईंचं चरित्र पुन्हा काढलं. मीच तिला ऐकवलेली गोष्ट मला नीट आठवते का ते पाहायचं होतं. मी अर्धीच सांगितली होती.

रमाबाईंचा जन्म 1858 चा, आपल्याच कर्नाटकात, पश्चिम घाटातल्या गंगामूळचा. 1883 मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या पैशांतून प्रवासखर्च भागवून, दोन वर्षांच्या मनोरमेला कडेवर घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात उतरल्या. त्या सिस्टर्सचं पुण्याला काम होतं, तिथली ओळख. ठरलं असं, की हिंदुस्थानात यायला निघालेल्या सिस्टर्सना रमाबाईंनी मराठी शिकवायची आणि स्वतः त्यांच्याकडून इंग्रजी शिकायची. म्हणजे आपल्याकडं येऊन शाळा चालवणाऱ्या गोऱ्या सिस्टर्स आधी एका मराठी विधवेसमोर विद्यार्थिनी होऊन बसल्या. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येऊ लागलं आणि ते राहिलं. 1884 पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे शिकल्या, आणि तिथंच संस्कृत शिकवूही लागल्या.

पुढं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातल्या लोकांत त्यांच्याविषयी गैरसमज होईल, त्यांच्या पुढच्या कामाला बाध येईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी पत्रांतून ठाम उत्तरं दिली. ते वाचताना मला माझा ओटा आठवला. लोक काय म्हणतील, आईचं काय होईल, लग्नाचं काय. माझ्या तासभराच्या बोलण्यात हेच किती होतं! मी बिशपांच्या बाजूला बसले होते.

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी. तिथं त्यांनी बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली. 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढचं केडगाव आणि मुक्ती मिशन सगळ्यांना माहीत आहे. आमच्या भागाशी असलेला धागा मात्र आमच्याच लोकांना माहीत नाही. 1912 च्या सुमारास रमाबाईंनी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, ख्रिस्ती हायस्कूल काढलं आणि ते मनोरमाबाईंनी सांभाळलं. विचार करा, वाँटेजच्या सिस्टर्समध्ये वाढलेली, अमेरिकेत शिकलेली ही बाई निजामाच्या मुलखात, उर्दू-कन्नड-मराठी-तेलुगूच्या या कालव्यात येऊन बसली. तिला गुलबर्गा काही आपलं घर नव्हतं. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई.

तेव्हा ‘आपल्या माणसांत परत आल्या’ हे माझं वाक्य तितकंसं खरं नव्हतं. आपली माणसं कोण, हे त्या दोघींनी दर वेळी नव्यानं ठरवलं.

आणि उलट बाजूनं पाहिलं तर परदेश म्हणजे आपणच. सिंथिया फरार 1827 च्या अखेरीस अमेरिकेहून मुंबईत उतरल्या, एकट्या, अविवाहित. मुलींच्या शाळा चालवल्या, पुढं अहमदनगरला गेल्या आणि 1862 मध्ये तिथंच वारल्या. मराठी शिकल्या तेव्हाच त्यांचं काम झालं. कॅथलिक म्हणून आणखी एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही: फादर थॉमस स्टीफन्स. जन्मानं इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आले आणि चाळीस वर्षांनी, 1619 मध्ये, तिथंच गेले. इंग्रजी शिकवण्याच्या भानगडीत पडले नाहीत. मराठी शिकले आणि ‘क्रिस्तपुराण’ लिहून गेले. त्यांना मात्र कुणी एक वर्षाचा करार दिला नव्हता, हेही खरं.

आता तिच्या भाषेच्या शिक्षिकेविषयी. हे सांगताना मला जड जातं. तिला ख्मेर शिकवणाऱ्या आजी माझ्याच वयाच्या आहेत. 1975 साली त्या शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होत्या. त्याच वर्षी ख्मेर रूजची राजवट आली. शाळा बंद झाल्या, शहरं रिकामी केली, शिकल्यासवरलेल्यांना वेचून मारलं. नॉम पेन्हमधल्या एका हायस्कुलाचा तुरुंग केला, वर्गावर्गात कोठड्या. कॅथलिक कॅथेड्रल पाडलं. बिशप, धर्मगुरू, सिस्टर्स, कुणी वाचलं नाही म्हटलं तरी चालेल. या आजींनी चष्मा जमिनीत पुरला आणि चार वर्षं निरक्षर असल्याचं सोंग केलं. समोर कागद आला तर उलटा धरायचा. त्याच वर्षी मी बी.ए. होऊन नोकरीत रुळत होते आणि हेडमास्तरांनी सुटी दिली नाही म्हणून रुसून बसले होते.

1979 नंतर शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शिकवायला माणसंच नव्हती. ज्यांना थोडंफार वाचता येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना शिकवलं. आजींनी त्या वेळी झाडाखाली वर्ग घेतला. उघड्यावर मिस्सा व्हायला 1990 चा ईस्टर उजाडला. आजही तिथल्या चर्चमध्ये लोक चपला काढून चटईवर बसतात. ही मुलगी आता त्यांच्यात बसते, आणि मिस्सा समजते म्हणते.

पुस्तकातला ‘माय फॅमिली’ हा धडा तिनं पहिल्यांदा घेतला तेव्हा मुलांना घरून आजीआजोबांची नावं लिहून आणायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी बऱ्याच वह्या कोऱ्या आल्या. तिला वाटलं, अभ्यास केला नाही. दुपारी या आजींनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की काही घरांत ती नावं अजून मोठ्यानं घेत नाहीत. त्या रात्री तिनं मला फोन केला आणि नुसती रडली. मलाही काही सुचलं नाही. आपल्याकडं वडील नसलेल्या पोरीला ‘माय फादर’ हा निबंध मीच एके वर्षी लिहायला लावला होता. ती पोरगी हीच. त्या वेळी ती काही बोलली नव्हती. हे आम्ही दोघींनीही फोनवर काढलं नाही.

तिकडं एप्रिलमध्ये, 14 तारखेच्या आसपास, नवं वर्ष असतं. आमच्याकडं बाबासाहेबांची जयंती चालू होती, मागं डीजे, आणि तिच्याकडं मुलं एकमेकांच्या तोंडाला पांढरी भुकटी फासत होती. व्हिडिओवर दोन्हीकडचं एकमेकांना दाखवलं. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना ‘हॅलो’ म्हटलं, आणि पुढं काय बोलायचं ते कुणालाच सुचेना. मग माझ्या ओट्यावरच्या एका पोरानं एक ते दहा इंग्रजी आकडे म्हटले. तिकडून अकरा ते वीस आले.

हो, माझ्या ओट्यावर. ती गेल्यावर तिची शिकवणी बंद पडली. मुलं आठवडाभर चर्चच्या कुलूपबंद खोलीपाशी येऊन गेली, मग माझ्या दारात येऊन उभी राहिली. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण नाही म्हणवेना. आता आठवड्यातून चार दिवस घेते. करंगळीची युक्ती मी इथं वापरते. आमच्या मुलांना जागा सोडायला कळतं, तरी घाईघाईत चिकटवतात. आणि ‘इस्कूल’ म्हणणाऱ्याला आता मी हसत नाही. का म्हणतो ते त्याला त्याच्याच बोलीतून दाखवते.

पुढच्या फेब्रुवारीत तिचं वर्ष संपतं. गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला: आणखी एक वर्ष राहशील का, असं सिस्टर्सनी विचारलंय. आजींनाही ते हवंय. मुलं आता कुठं ‘वेन्ट’ म्हणायला लागलीत. इकडं आईचं खुरपणीचं काम या हंगामात होईना, कंबर धरली आहे, आणि ती ते लेकीला सांगू देत नाही. एकदा ‘अक्का, सांगा की तिला’ म्हणणारी बाई आता मला म्हणते, “अक्का, तिला काही सांगू नका.”

मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. रविवारी मिस्सेनंतर आईकडे जाणार आहे. तिच्या दुखण्याची गोष्ट मुलीपासून लपवायची नाही, एवढं मी ठरवलंय. बाकी त्या दोघींनी बोलावं.

जाता जाता एक विनंती, विशेषतः हुमनाबाद-चिटगुप्पा भागातल्या वाचकांना, ख्रिस्ती असोत की नसोत. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, आठवड्यातून दोन दिवस, सातवी-आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला कुणी येऊ शकलं तर हवं आहे. पगार नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही थोडी थोडी यायला हवी. येत नसली तर मुलं शिकवतील. चर्चमध्ये फादरांना येऊन भेटावं. चहा माझ्याकडं.